दादाने भरलेला बार

पोलीस ठाण्यातून बंदूक घरी आणायची तर रिक्षावाल्याला काय सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या चादरीत गुंडाळलेली ती लांबडी वस्तू दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून मी रिक्षात बसले होते. खड्डा आला की तिचं टोक टपाला लागायचं आणि माझी मूठ आपोआप आवळली जायची. रिक्षावाला दोन सिग्नल गप्प होता. मग त्याने आरशातून विचारलंच, "परदे का पाइप है क्या, मॅडम?"

"हां," म्हटलं.

पडद्याचा पाइप. मुलुंडच्या त्या रस्त्यावर ते किती साधं आणि खरं वाटलं. पण चादरीतून वास येत होता. लोखंडाचा, जुन्या खोबरेल तेलाचा, आणि त्याच्याही खाली कुठेतरी, विझलेल्या फटाक्यासारखा, गंधकाचा. तो वास नाकात गेला आणि मी मुलुंडमध्ये राहिलेच नाही. मी आरे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरच्या पायरीवर जाऊन बसले, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून, आणि समोर बाबा नळीत गज फिरवत होते.

बाबा गेले त्याला दोन पावसाळे झाले. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून ते गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. वारस म्हणून तो परवाना माझ्या नावावर होईपर्यंत ती तिथल्या कोठीत इतर बंदुकांसोबत भिंतीला टेकून उभी होती. मी तेव्हा आईकडे राहायला आले होते. आमच्या घरात बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. हॉलच्या भिंतीवरच्या दोन लाकडी खुंट्या रिकाम्या होत्या, आणि आई येता-जाता त्यांच्याकडे बघायची, एवढंच.

मी जिना चढून आले तेव्हा ती दार उघडून उभीच होती. चौऱ्याऐंशीची आई, गुडघे गेलेले, एका कानाने कमी ऐकू येणारी. तिने चादरीकडे बघितलं आणि विचारलं, "इली?"

माणूस आल्यासारखं. मी म्हटलं, "आली."

"उभीच ठेव," ती म्हणाली. "तोंड वर."

हे ती का म्हणाली, ते मला तेव्हा कळलं नाही.

ही बंदूक आजोबांची. मालवणजवळच्या आमच्या गावात डुकरं आणि माकडं भातावर, माडांवर पडायची, म्हणून आजोबांनी परवाना काढून घेतलेली. एका नळीची, ठासणीची. म्हणजे तोंडाकडून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, आणि मागच्या छोट्या बोंडीवर तांब्याची केप बसवायची. घोडा पडला की केप फुटते, केपेची ठिणगी नळीत जाते आणि बार होतो. आजोबा गेले, शेत भावकीत वाटलं गेलं, आणि बाबांच्या वाट्याला ही आली. बाबा तेव्हा आरेत दुग्धवसाहतीत नोकरीला होते. गवताच्या कुरणांची देखरेख त्यांच्याकडे होती. गावाहून बोटीने निघालेली बंदूक अशी म्हशींच्या गावात येऊन राहिली.

आरेचं नाव काढलं की लोक आता झाडांबद्दल बोलतात, बिबट्याबद्दल बोलतात. मला आधी वास आठवतात. कापलेल्या ओल्या गवताचा हिरवा, थोडा आंबूस वास, जो बाबांच्या खाकी सदऱ्याला कायम असायचा. पहाटे दुधाच्या कॅनचा वास. निलगिरीच्या पानांचा. जंगलातून येणाऱ्या बसच्या तापलेल्या इंजिनाचा. पावसाळ्यात शेणखताचे ढीग वाफाळायचे आणि त्या वाफेतून म्हशी काळ्या होड्यांसारख्या हळूहळू बाहेर यायच्या. संध्याकाळी समोरच्या टेकडीवर पाड्यातल्या चुली पेटायच्या. घरं दिसायची नाहीत, फक्त धूर दिसायचा. नोव्हेंबरात तो धूर आणि धुकं एक होऊन खाली आमच्या पायऱ्यांपर्यंत यायचं. आई म्हणायची, दार लोटा, धुकं आत येतंय. जणू ते मांजर होतं.

बंदूक वर्षातून दोनदा भिंतीवरून उतरायची. खंडेनवमीला आणि तुळशीच्या लग्नाला.

खंडेनवमीला तिची आंघोळ. बाबा अंगणात गोणपाट अंथरायचे. आधी गज नळीत घालून बघायचे, ती रिकामी आहे ना. रिकामी आहे हे त्यांनीच मागच्या वर्षी बघितलेलं असायचं, तरीही. दादा एकदा म्हणाला, "बाबा, वर्षभर भिंतीवर होती. तिला कोण भरणार? पाल?" मी खूप हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. आणि तोंड माणसाकडे करायचं नाही. म्हशीकडेपण नाही."

मग आई चुलीवरून कढत पाणी आणायची. हंडा ठेवायची आणि लगेच आत. तिला बंदूक आवडायची नाही. ती उतरलेली असेपर्यंत आई अंगणात पाऊल टाकायची नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज मात्र जरा जास्तच यायचे. बाबा नळीत पाणी ओतायचे, काठीला गुंडाळलेलं फडकं वरखाली करायचे. आत पाणी घुटघुट बोलायचं. मग सुकवणं, मग तेल. खोबरेलच. शेवटी दस्त्यावरची पितळी पट्टी चिंचेने घासायचं काम माझं. झेंडूचं फूल खोवलं, कुंकवाचं बोट लावलं की बंदूक परत खुंट्यांवर. दोन दिवस घरभर तेलाचा वास राहायचा आणि दादा आईला छळायला म्हणायचा, "आई, आज भाजीला बंदुकीची फोडणी काय गं?"

दादा. त्याचं नाव विनायक, घरात विनू. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. डावखुरा. चालताना सतत काहीतरी गुणगुणणारा, म्हणून तो घरी येतोय हे आधी कानाला कळायचं. सायकल येत असलेली मला आठवत नाही, ते गुणगुणणं आठवतं. कुठलं गाणं होतं ते आज डोकं फोडलं तरी सांगता येणार नाही.

आणि तुळशीचं लग्न. त्या दिवशी बार व्हायचा.

गावाकडची पद्धत बाबांनी इथे आणली होती. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या की अंगणाच्या टोकाला उभं राहून, नळी आभाळाकडे करून, बाबा नुसत्या दारूचा एक बार काढायचे. छर्रे नाहीत, काही नाही. नुसता आवाज. पण कसला आवाज! टेकडीवर आदळून तो परत यायचा, मग तलावाकडून आणखी एकदा, थकलेला. आजूबाजूच्या क्वार्टरमधली माणसं आधीच बाहेर येऊन कानांत बोटं घालून उभी असायची. बाराच्या दणक्याने म्हशी पान्हा चोरतात, म्हणून गोठेवाले त्या दिवशी धारा लवकर काढून घ्यायचे. बाबा दुपारीच जाऊन सांगून यायचे. बार झाला की पांढरा धूर ऊस-दिव्यांतून, चिंचा-आवळ्यांच्या ताटावरून सरकत जायचा आणि थोडा वेळ तुळस दिसायचीच नाही. आई घरात, उशी कानांवर दाबून.

त्या वर्षी दादा बारावी पास झाला होता. त्या वर्षी बाबा म्हणाले, "यंदा बार तू भर."

मी ते बघितलंय. दुपारची वेळ, संध्याकाळच्या गर्दीत घाई नको म्हणून. बाबा बाजूला उभे, हात मागे बांधलेले, एकदाही पुढे न आलेले. दादाने पितळी मापाने दारू ओतली. काथ्या बाबांनी जुन्या दोरखंडातून पिंजून ठेवला होता. दादाने त्याचा बोळा केला, तोंडात धरून ओला करणार होता, बाबांनी नुसतं "अंहं" केलं. मग गज. ठक्, ठक्, ठक्. नीट ठासलं गेलं की गज आतून उडून परत हातात येतो. तो तसा उडाला तेव्हा दादाने वळून माझ्याकडे बघितलं. बस, तो चेहरा. त्याच्यानंतरचा चेहरा माझ्याकडे नाही.

केप बाबांनी आपल्या खिशात ठेवली. केप नाही म्हणजे बार होऊच शकत नाही. बंदूक संध्याकाळपर्यंत खुंट्यांवर गेली. आणि दादा मांडवाला केळीचे खुंट आणायला म्हणून तलावापलीकडच्या वाडीत गेला.

पुढचं मी लिहिणार नाही. मला ते नीट माहीतही नाही. मोठ्यांनी आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही, आणि मोठी झाल्यावर मी विचारलं नाही. मला एवढंच आठवतं की ऊस तुळशीला टेकून उभे होते. आवळे ताटात होते. म्हशींच्या धारा लवकर काढून झाल्या होत्या आणि गोठ्यांत नेहमीपेक्षा शांतता होती. दिवेलागण झाली. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू, ज्यांना अजून कळलं नव्हतं, त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "काय गं, आज बार नाही का?"

नाही. त्या दिवशी कॉलनीत बार झाला नाही. पुन्हा कधीच झाला नाही.

बंदूकही त्यानंतर अंगणात उतरली नाही. खंडेनवमीला बाबा तिला भिंतीवरच झेंडू वाहायचे. निवृत्तीनंतर आम्ही मुलुंडला आलो, तेव्हा टेम्पोत सामान गेलं आणि बंदूक बाबांनी स्वतः, हातात धरून, परवाना खिशात ठेवून आणली. निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करायला तेच जायचे, आणायला तेच. नवीन घरात खुंट्या कुठे ठोकायच्या हे मात्र आईने ठरवलं. हॉलमध्ये, ती झोपायची त्या दिवाणाच्या बरोबर वर. मला ते विचित्र वाटलं होतं. जिला बंदूक अंगणात सहन होत नव्हती, ती आता रोज तिच्याखाली झोपत होती.

आणि दर वर्षी तुळशीच्या लग्नाला, मुलुंडमध्ये सगळीकडे फटाक्यांच्या माळा लागलेल्या असताना, आई बाल्कनीच्या दारात बसून असायची. फटाके संपायचे. गल्ली शांत व्हायची. ती उठायची नाही. मान किंचित तिरकी, चांगला कान बाहेर. मी विचारायचे, "कसली वाट बघतेस?"

"काय नाय," ती म्हणायची, आणि तरी बसून राहायची. हळूहळू आम्हालाही सवय लागली. त्या संध्याकाळी बाबा टीव्ही लावायचे नाहीत. आम्ही तिघंही काहीतरी करत असल्याचं दाखवायचो आणि ऐकत बसायचो. न झालेला आवाज इतकी वर्षं घरात राहू शकतो, हे मी कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

बंदूक आणली त्या आठवड्यात मी नलूला बोलावलं. नलू माझी कॉलेजातली मैत्रीण. पुढे तिने नेमबाजी शिकवण्यातच आयुष्य घालवलं. बोरिवलीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका छोट्या रेंजवर ती मुलांना शिकवते. परवान्यासाठी लागणारं प्रशिक्षणही मी तिच्याकडेच घेतलं होतं. ती आली, चप्पल काढतानाच म्हणाली, "कुठाय तुझी आजीबाई?"

मी तेलाची बाटली, फडकी, वर्तमानपत्रं सगळं मांडून बसले होते. मला वाटत होतं की नुसती साफ करायची, तेल द्यायचं, परत लावायची. जमलं तर एकदा रेंजवर नेऊन एक बार काढायचा. बाबांसाठी. इतकाच विचार.

"थांब ना. हात काढ आधी," नलू म्हणाली. तिने बोंडीवर केप नाही हे बघितलं. मग गज काढला आणि नळीत सोडला. तो खाली जाऊन थांबला. नळीच्या तोंडाशी तिने गजावर अंगठा धरला, तसाच तो बाहेर काढला आणि नळीच्या बाहेरच्या बाजूने लावून बघितला. गजाचं टोक बोंडीपर्यंत पोहोचत नव्हतं. चांगलं चार बोटं अलीकडे थांबलं होतं.

तिने परत एकदा करून बघितलं. मग बंदूक हळूच उचलली, बाल्कनीत नेली आणि तोंड आभाळाकडे करून ग्रिलला टेकवून ठेवली.

"आत काहीतरी आहे," ती म्हणाली.

"गंज असेल. कचरा."

"गंज असा मऊ लागत नाही यार. ही भरलेली आहे."

"शक्यच नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुणी हातसुद्धा..."

"बार आसा तो," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळापासून, माहीत नाही. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"माझ्या झिलाचो आसा."

झिलाचा. मुलाचा, म्हणजे दादाचा. ती येऊन दिवाणावर बसली आणि जुडी मांडीवर ठेवून, पानं खुडायच्या आवाजात, म्हणजे तितक्याच हळू आवाजात, बोलायला लागली. दादाचे दिवस झाल्यावर बाबा बंदूक उतरवून बार काढून टाकणार होते. भरलेली बंदूक घरात ठेवायची नसते हे त्यांच्याहून जास्त कुणाला माहीत? त्यांनी ती खुंट्यांवरून उचललीसुद्धा होती. "मी तेंचो हात धरलंय," आई म्हणाली. "म्हटलंय, ऱ्हवांदे. तेना भरलेलो आसा. तेच्या हातचा काय उरलाहा आणखी?"

तिला त्याचे शर्ट नको होते. सायकल तिने देऊन टाकायला लावली होती. तो बार मात्र हवा होता. आणि माझे बाबा, जे रिकाम्या बंदुकीलासुद्धा भरलेली समजायचे, त्यांनी तिच्या एका शब्दाखातर भरलेली बंदूक आयुष्यभर सांभाळली. केप कधीच घरात ठेवली नाही. ठाण्यात नेताना नळीचं तोंड एकदाही खाली होऊ दिलं नाही. मला वाटायचं, बाबांना दुःख आवरत नाही म्हणून ते कुणाला हात लावू देत नाहीत. आई तिच्याखाली का झोपायची, ते तर कुणी विचारलंच नव्हतं.

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते एकसुरी टुंग-टुंग वर येत होतं.

मग मी नलूला विचारलं. कसं विचारलं कुणास ठाऊक, पण विचारलं. "तोच बार उडवता येणार नाही का?"

"वेडी आहेस का?" नलू म्हणाली. आणि मग माझा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "अगं, दारूचा आत दगड झाला असेल. किंवा नसेल झाला, ते आणखी वाईट. नळी आतून किती खाल्लीय ते कुणाला माहीत? फुटली तर वाट लागेल. नाही. तो बार मारायचा. आतच मारायचा."

"म्हणजे?"

"पाणी ओतायचं. बोंडीकडून आणि तोंडाकडून. दिवसभर भिजू द्यायचं. ओली दारू पेटत नाही. मग रेंजवर नेऊन बोळा ओढून काढू."

"पाणी नको," मी म्हटलं.

"अगं, पण का?"

नलूला एवढंच ठाऊक होतं की माझा भाऊ माझ्या लहानपणी गेला. त्या तलावाबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी परत म्हटलं, "तेल ओतूया. पाणी नको, नलू." नलू गोंधळून माझ्याकडे आणि आईकडे बघत राहिली.

आई उठली. कोथिंबीर तिच्या मांडीवरून खाली पडली, तिने ती उचलली नाही. भिंत धरत ती आत गेली. गॅस लागल्याचा आवाज आला. मी मागे गेले तर तिने पातेल्यात पाणी ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत उभी होती.

"आई, मी करते."

"नको," ती म्हणाली. "थंड पाणी नको घालू तेच्यार. कार्तिकातला पाणी कसला थंड असता."

तिने पाण्यात बोट बुडवून बघितलं. लहान मुलाच्या आंघोळीचं बघतात तसं. तांब्यात भरून ती बाल्कनीत आली. नलूने बंदूक धरली, मी आईचा दंड धरला, आणि आईने स्वतःच्या हाताने, थोडं थोडं, त्या नळीत कोमट पाणी ओतलं. आत ते घुटघुटत उतरलं. एकही थेंब बाहेर सांडला नाही. नळी काठोकाठ भरली तेव्हा तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि पदराने नळीचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर नलूने गजाच्या टोकाला स्क्रू लावून बोळा ओढून काढला. काथ्या काळा झाला होता, पण काथ्याच होता. त्यामागून काळा चिखल आला, आणि तो एकदम एवढा गंधकाचा वास घेऊन आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. समोर डोंगर होता. आरेतून दिसायचा तोच डोंगर, दुसऱ्या बाजूने. घरी गेल्यावर आईने विचारलं, "दारू?"

"पाण्यात वाहून गेली."

तिने मान हलवली. त्या रात्री ती रिकाम्या खुंट्यांखाली झोपली नाही. माझ्या खोलीत येऊन झोपली.

नलूच्या ओळखीच्या एका परवानाधारक कारागिराने बंदूक पूर्ण खोलली. नळी आतून खाल्लेली होती, पण फार नाही. घोड्याची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, नवी टाकावी लागली. त्याचं म्हणणं पडलं की छर्रा कधीच नको. नुसत्या दारूचा हलका बार चालेल, आणि तोसुद्धा आधी खांद्याला लावून नाही. बंदूक चौकटीत घट्ट बांधायची, चापाला दोरी लावायची आणि भिंतीआडून ओढायची.

हे मी घरी सांगितलं, तशी आई म्हणाली, "मी येतंय."

"आई, अगं तिथे आवाज..."

"मी येतंय म्हटलंय ना."

हिवाळ्याची सकाळ होती. रेंजवरची मुलं अजून यायची होती. उंबराच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत आई बसली होती, अंगावर शाल, कानांवर नलूने घातलेले मोठाले कर्णरक्षक. त्यात ती एखाद्या वैमानिकासारखी दिसत होती. नलूने मापाची अर्धीच दारू घातली, काथ्या ठासला. ठक्, ठक्, ठक्. मी डोळे मिटून घेतले. बंदूक मातीच्या बांधाकडे तोंड करून चौकटीत बांधली गेली. सगळ्यात शेवटी केप. मग आम्ही भिंतीआड आलो आणि नलूने दोरीचं टोक माझ्यापुढे केलं.

"ती माका दी," आई म्हणाली.

नलूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आईने दोरी तळहाताला एक वेढा देऊन धरली. तिच्या हाताच्या शिरा निळ्या दिसत होत्या. तिने ओढली. फट् असा बारीक आवाज झाला. बाकी काही नाही.

"कुणी हलायचं नाही," नलू म्हणाली. "नुसती केप वाजलीय. कधी कधी बार उशिरा होतो."

आम्ही थांबलो. आई दोरी धरून तशीच बसलेली, मान किंचित तिरकी. ती बसण्याची पद्धत मी दर वर्षी बाल्कनीच्या दारात बघितली होती. ते थांबणं फार लांबलं. झाडावर कुठेतरी तांबट टुकटुकत होता. शेवटी नलू गेली, बाजूने उभं राहून तिने केप बदलली आणि परत आली.

"हं, मावशी."

आईने ओढली.

आधी छातीत लागलं, मग कानात. डोंगराने आवाज परत दिला. उंबरावरचे सगळे पक्षी एकदम उठले आणि पांढरा धूर बांधावरून वर चढत आमच्याकडे यायला लागला. मला बाबा दिसले नाहीत, दादा दिसला नाही. मला फक्त आई दिसत होती. तिने कर्णरक्षक काढून मांडीवर ठेवले होते. कधी काढले होते, बाराच्या आधी की नंतर, मला कळलं नाही.

"येवढोच?" ती म्हणाली.

धूर आमच्यापर्यंत आला.

"येवढोच आवाज? ह्या येवढ्याक उशी कानार घेऊन बसा होतंय मी?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "घरात बसा होतंय. एकदाय भायर इलंय नाय. तो बोलवा होतो, आई, भायर ये, भायर ये..."

नलू म्हणाली, "मावशी, दारू अर्धीच घातली होती."

"मगे पुरी घाल."

"नाही घालणार. नळी म्हातारी आहे."

"मीय म्हातारीच आसंय," आई म्हणाली. आणि आम्ही तिघी हसलो. म्हणजे ते हसणंच होतं असं मला वाटतं. नलूने परत अर्धीच दारू घातली. दोरी ओढायच्या आधी आई सावरून बसली. कानांवर काही घेतलं नाही. आणि मग मी ते नाव ऐकलं. त्या संध्याकाळनंतर आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते.

"ह्यो विनूचो," ती म्हणाली, आणि ओढली.

काळ्या दारूची बंदूक त्याच दिवशी धुवावी लागते, नाहीतर नळीला गंज धरतो. दुपारी घरी येऊन मी बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली, कढत पाणी घेतलं आणि नळी धुवायला बसले. पाणी आधी काळं आलं, मग करडं. आई माझ्याजवळ पाट घेऊन बसली. अंगणात कधी पाऊल न टाकणारी आई. मी काठीला फडकं गुंडाळून नळीत फिरवायला लागले आणि ती बोलायला लागली.

विनू जन्मला तेव्हा गावात कसा पूर होता आणि सुईण कुणाच्या तरी खांद्यावर बसून कशी आली. तो चार वर्षांचा होईपर्यंत बोललाच नाही, आणि मग एकदम अख्खं वाक्य बोलला. डाव्या हाताने जेवतो म्हणून आजोबा रागवायचे, तर तो उजव्या हाताने जेवायचा आणि पाणी मात्र डाव्या हाताने, त्यांच्याकडे बघत, पूर्ण तांब्याभर प्यायचा. मी जन्मले तेव्हा तो रुसला होता. मला माहीत नव्हतं. त्याने मला आठ दिवस बघितलं नाही, आणि मग एकदा शाळेतून येऊन दप्तर न काढता माझ्याजवळ झोपून गेला. तो काय गुणगुणायचा, तेही तिने मला सांगितलं. तिने ते म्हणून दाखवलं. सूर कुठल्या कुठे जात होता.

उन्हं कलली. शेजारच्या बाल्कनीत कुणी कपडे काढून नेले. फडकं स्वच्छ बाहेर आलं की नळी धुतली गेली असं समजायचं, आणि ते केव्हाचं पांढरं स्वच्छ येत होतं. पण मी ते फिरवत राहिले, वर, खाली, वर, खाली. मी हात थांबवला तर आई बोलायची थांबेल, अशी मला भीती वाटत होती.